अकराशे ग्रॅमच्या आत

३ मार्च

दादा,

पत्राच्या वर जे काही लिहायचं असतं ते लिहिलंय असं समज. सात वर्षांनी लिहितेय म्हणून पुढे गहिवर येईल या आशेने वाचू नकोस. काम पडलंय. हा ईमेलचा पत्ता तरी अजून तुझा आहे की आमच्यासारखा तोही टाकलास, ते उत्तर आलं तर कळेल.

बाबांचा लॅपटॉप मरायला टेकलाय. तोच, तू ऑफिसातून आणलेला, दोन किलो सातशे ग्रॅमचा काळा दगड. त्याची बिजागरी दोनदा तुटली. दोन्ही वेळा मी ती लॅबमधल्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकने जोडली, आम्ही कवळीच्या हिरड्या करतो त्याने. आता झाकण उघडलं की ते हिरड्या दाखवून हसल्यासारखं दिसतं. बॅटरी फुगलीय. पंखा घरघरतो, बाबांच्या गळ्यातलं भोकही घरघरतं, आणि शेजारच्या खोलीतून मला दोन्हींतला फरक कळत नाही, दर वेळी धावत जावं लागतं. वाचून कसंतरी झालं असेल तर होऊ दे. मला रोज होतं.

जानेवारीत बाबांना न्यूमोनिया झाला. तुला कळवलं नाही. कळवून तू काय करणार होतास? तेव्हापासून ते टेबलाशी बसत नाहीत. पलंगावर उशांना टेकून, पोटावर मशीन घेऊन टाइप करतात आणि पाच मिनिटांत धापा टाकायला लागतात. म्हणून हलकं मशीन हवंय. किती हलकं, तेही मी काढलंय. लॅबमधले दातांचे प्लास्टरचे साचे पिशवीत भरून आणले आणि एकेक वाढवत बाबांच्या पोटावर ठेवत गेले. अकराशे ग्रॅमपर्यंत श्वास नीट चालतो. त्यापुढे ते छताकडे बघायला लागतात. मध्येच म्हणाले, "दात कुणाचे आहेत ते तरी सांग." म्हणाले म्हणजे त्यांनी टाइप केलं आणि तू बोललास.

विसरला असशील, म्हणून सांगते. ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला तेव्हा तू नऊशे चाळीस शब्द स्वतःच्या आवाजात भरून तो प्रोग्राम केलास. बाबांनी टाइप करायचं, मशीनने तुझ्या आवाजात बोलायचं. यादीत नसलेला शब्द आला तर सुटी अक्षरं. डॉक्टरांनी गळ्याला लावायला दिलेलं यंत्र बाबांनी दोन दिवसांत भिंतीवर फेकलं, तुझा प्रोग्राम मात्र टिकला. म्हणजे गेली सात वर्षं या घरात तूच बोलतोस. सकाळी डोळे उघडले की पाणी तू मागतोस. पंखा कमी कर, उशी सरळ कर, मीठ कमी पडलंय, सगळं तूच. आणि मला हाक मारायला तू यादीत काही घातलंच नव्हतंस, त्यामुळे मी सात वर्षं "अगं" आहे. निघून गेलेल्या माणसाने दिवसभर आपल्याला कामं सांगायची, याचा किती वीट येतो ते तुला कळायचं नाही.

तर, अकराशे ग्रॅमच्या आत. लिनक्स चालायला हवं, कारण तुझा प्रोग्राम दुसऱ्या कशावर चालत नाही, ही तुझीच कृपा. खऱ्या कळा हव्यात, कारण चाळीस वर्षं कोर्टात टाइपरायटर बडवलेला माणूस काचेवर बोटं फिरवत नाही. टॅबलेट दाखवला तर म्हणाले, "खिडकी पुसायची असेल तर फडकं दे."

कुठला घेऊ, एवढंच सांग.

तुझी बहीण (एकच आहे)

१२ मार्च

दादा,

सहा ओळी. मोजल्या मी. "नवं कोरं घेऊ नकोस, नव्या मशीनला लिनक्स सरावायला वेळ लागतो. मोठ्या ऑफिसांतून निघालेलं, तीन-चार वर्षं वापरलेलं, बारा इंची घे. घेण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून बघ. वायफाय, आवाज आणि झोप तपास, म्हणजे झाकण मिटल्यावर मशीन झोपतं का आणि उघडल्यावर नीट उठतं का. रॅम आठच्या खाली नको. काही लागलं तर कळव."

सातवी ओळ "बाबा कसे आहेत" अशी लिहिता आली असती. झोपेची चौकशी केलीस, पण मशीनच्या.

तुझं न ऐकता मी आधी नव्या मालाच्याच दुकानांत गेले. वापरलेलं म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कुणाची तरी वापरलेली कवळी येते. पेनड्राइव्हवर लिनक्स भरून घेतलं, लॅबचा काटा पिशवीत टाकला. हो, लिनक्स भरायला शिकले मी. सात वर्षं तुझं मशीन कोण जिवंत ठेवत होतं असं वाटतं तुला?

पहिल्या दुकानात टाय लावलेला एक गृहस्थ होता. "मॅडम, हा बघा, कागदासारखा पातळ."

"यावर लिनक्स चालेल?"

"सगळं चालतं मॅडम. मीटिंग, सिनेमा, लिनक्स."

"मग हा पेनड्राइव्ह लावून बघू?"

त्याने मशीन असं मागे ओढलं की जणू मी इंजेक्शनच काढलंय. "बाहेरचं काही टोचायचं नाही. कंपनीची पॉलिसी आहे." मी काटा काढला. पाटीवर नऊशे नव्वद ग्रॅम, काट्यावर एक हजार चौसष्ट. "मॅडम, तो वजनाचा आकडा अंदाजे असतो." आमच्या लॅबमध्ये दात अंदाजे केला तर माणूस जेवू शकत नाही, असं मी त्याला म्हटलं. तो टाय सारखा करत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी विचारलं, "मुलासाठी का?" म्हटलं, "वडिलांसाठी." तर म्हणाल्या, "मग मोठा घ्या, म्हाताऱ्या माणसांना मोठं लागतं," आणि अडीच किलोंचं एक धूड पुढे केलं. तिसरीकडे स्क्रीन इतका चकचकीत की त्यात मला माझ्या नाकातले केस दिसले. आणि कळा! प्रत्येक दुकानातल्या प्रत्येक मशीनच्या कळांवर लोकांच्या बोटांचं तेल. दाबल्या की आत जात नाहीत, नुसत्या हो म्हणतात. बाबांची बोटं अशी कळ दाबतील आणि ती दबलीय की नाही याची वाट बघत बसतील. मला त्या पातळ, गुळगुळीत, आतून काही उघडता न येणाऱ्या वस्तूंची शिसारी आली. मेमरी डकवलेली, बॅटरी चिकटवलेली, आवाज, तार, पेनड्राइव्ह सगळ्याला मिळून एकच भोक. मरेपर्यंत वापरा आणि मेलं की फेका.

तेव्हा ऐकते तुझं. नाइलाज म्हणून.

२३ मार्च

दादा,

घेतलं. जुनी मशीनं दुरुस्त करून विकणारा एक जाड चष्म्याचा माणूस भेटला. हातात डाग देण्याची सळई, सोल्डरिंगची. पेनड्राइव्ह म्हटल्यावर त्याने वर न बघता सांगितलं, "लावा की. विचारता काय?" इतक्या दिवसांत पहिलं शहाणं वाक्य ऐकलं. काटा काढला तेव्हा मात्र त्याने चष्मा कपाळावर चढवला. "ताई, मशीन घ्यायला आलात की भाजी?"

बारा इंची, एक हजार पंच्याऐंशी ग्रॅम. वायफाय लगेच धरलं. झाकण मिटलं, झोपलं, उघडलं, उठलं. कळा खोल आहेत, दाबल्या की टक् असं उत्तर देतात. स्क्रीनवर चमक नाही. तुझं बरोबर होतं, हे एकदाच लिहितेय, परत वाचून घे.

घाण मात्र तू सांगितली नव्हतीस. कळा काढल्या तर खाली बिस्किटाचा भुगा, राखाडी केस आणि चक्क कुरतडलेली नखं. कुठल्या तरी साहेबाने मीटिंगमध्ये बसून तीन वर्षं नखं खाऊन त्यात थुंकलीयत. लॅबच्या ब्रशने आणि स्पिरिटने दोन तास घासलं, एकेक कळ कवळीसारखी धुऊन वाळत ठेवली. मी दिवसभर परक्यांच्या तोंडाचे साचे हाताळते, मला सहसा काही होत नाही. त्या दिवशी जेवले नाही.

आता एक अडचण. तुझा प्रोग्राम या मशीनवर चालत नाही. तू त्यासाठी काही करावंस असं नाही, मी बघते. जुनं मशीन तोवर आहे.

आणि हेही लिहूनच टाकते. नव्या मशीनवर बाबांची टाइपरायटरची कळमांडणी बसवताना मला तो दिवस आठवला. ऑपरेशन नको म्हणत होते ते. तू महिनाभर मागे लागलास, आवाज गेला तर गेला, माणूस राहील, म्हणत राहिलास, आणि शेवटी तुझ्या हट्टापायी त्यांनी सही केली. माणूस राहिला, हे खरं आहे. मग तू तो प्रोग्राम आणलास, मशीन मांडीवर ठेवलंस, "बाबा, बोला आता" म्हणालास आणि वाकून आवाज मोठा केलास. त्यांनी पहिलं वाक्य टाइप केलं. "निघ इथून." तुझ्याच आवाजात, तूच भरलेले दोन शब्द. तू सरळ झालास, बॅग भरलीस आणि गेलास. एका माणसाने रागात काढलेले दोन शब्द, त्यावर सात वर्षं! तुम्हा दोघांचीही मला घृणा वाटते. बाबांची थोडी कमी, कारण त्यांची नळी मला साफ करावी लागते.

५ एप्रिल

दादा,

वाढदिवसाला दोन शब्द नाहीत, आई गेली त्या तारखेला एक ओळ नाही, आणि प्रोग्राम चालत नाही म्हटल्यावर एका दिवसात तीन मेल. "एरर काय येते?" "एरर जशीच्या तशी पाठव." "स्क्रीनचा फोटो तरी पाठव." मशीन आजारी पडलं की तू कसा लगेच धावतोस!

एरर अशी येते, "आवाजाच्या फाइली सापडत नाहीत," आणि प्रोग्राम बंद पडतो. फोटो काढायला वेळ नाही. जुनं मशीन काल कायमचं गेलं. बाबांसाठी मी दुसरी सोय केलीय, त्यांचं बोलणं अडलेलं नाही. तू आता यात पडू नकोस. लॅपटॉप कुठला घ्यायचा एवढंच विचारलं होतं, ते झालं.

१४ एप्रिल

दादा,

तुझा मेल मी लॅबमध्ये वाचला आणि हातातलं मेण ओघळून टेबलावर गेलं. "असा संदेश माझ्या प्रोग्राममध्ये नाही. फाइल सापडली नाही तर तो थांबत नाही, अक्षरं वाचतो. तू खोटं बोलतेयस. काय झालंय?"

पकडलंस. दुसऱ्या कुणाला थाप पचली असती, पण ज्याने प्रोग्राम लिहिला त्यालाच मी खोटी एरर कळवली. मूर्ख आहे मी.

प्रोग्राम चालतो. पहिल्याच दिवशी चालला. तुझं "पाणी" नव्या मशीनमधून इतकं स्वच्छ आलं की मी झाकण आपटून मिटलं. मग लॅबमध्ये प्लास्टर ठेवायची खोली आहे, कपाटाएवढी, तिथे अकरा दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून मी तुझे शब्द एकेक करून माझ्या आवाजात भरले. लॅबमध्ये माझ्या शेजारी काम करणारी दारावर थाप मारून विचारायची, "आत कोण आहे तुझ्याबरोबर?" काम संपल्यावर जुन्या मशीनची बॅटरी मी स्वतः काढली आणि बाबांना सांगितलं, गेलं ते. दादाचा आवाज गेला. आता हा आहे.

त्यांनी मशीन पोटावर ओढलं. मग एक शब्द टाइप केला. तो मी मुद्दाम भरला नव्हता, म्हणून मशीन माझ्या आवाजात सुटं सुटं बोललं. "आ. लो." बाबांनी ते ऐकलं, झाकण मिटलं आणि मशीन हलकेच बाजूला सरकवलं. अकराशे ग्रॅमच्या आतलं.

त्याला दहा दिवस झाले. त्यांनी एक अक्षर टाइप केलेलं नाही. पाणीही मागत नाहीत. परवा बाराच्या सुमारास नळी कफाने तुंबली, मशीन हाताशी होतं, मी सुट्टी घेऊन घरीच, पलीकडच्या खोलीत होते, आणि त्यांनी कळ दाबली नाही. दुपारची नर्स त्या दिवशी दहा मिनिटं लवकर आली, म्हणून हे पत्र असं आहे, नाहीतर वेगळं लिहावं लागलं असतं. नर्स मला म्हणाली, "ओठ निळे झाले होते हो, हाक मारायची नाही का त्यांनी?" मी काय सांगू तिला? मारली नाही, कारण हाक माझ्या आवाजात गेली असती.

का केलं, ते विचारशील. तू त्या प्रोग्राममध्ये एक नोंदीची फाइल ठेवली होतीस. बाबा बोलतील ते वाक्य, तारीख आणि वेळ. कुठले शब्द यादीत कमी पडतात ते बघायला ठेवली असशील, आणि मग तू निघून गेलास. ती चालूच राहिली. सामान नव्या मशीनवर हलवताना ती मला सापडली. सात वर्षं.

मी पावणेदहाला कामाला जाते. नर्स बाराला येते. मधल्या वेळात बाबा घरात एकटे असतात. यातला कुठलाही दिवस काढ, थोड्याफार फरकाने हेच आहे. मी तसंच खाली उतरवतेय.

१०.०४ बाबा मी आलो
१०.०५ ये
१०.०५ बस
१०.०६ जेवलास का
१०.०६ हो
१०.०८ काम जमतंय का
१०.०८ जमतंय

दोन्ही बाजू तेच टाइप करतात, दोन्ही बाजू तुझ्याच आवाजात. मला "उशी" आणि "पंखा", आणि तुला "जेवलास का". मी त्यांचा कफ काढते, मी त्यांना धुते, आणि घर रिकामं झालं की त्यांच्याकडे तू येतोस. ती फाइल वाचून मला तुझी किळस आली, त्यांची आली, आणि मी ठरवलं की हे बंद करायचं. म्हणून आलो, आलास, जेवलास हे शब्द मी भरलेच नाहीत. नऊशे चाळीसमधले नेमके तेवढे गाळले.

आता किळस कुणाची येते ते लिहायला नको.

१७ एप्रिल

दादा,

तुझा आवाज परत घातला. बाबांना खरं सांगितलं, सगळं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला नाही वगैरे, तसं काही झालं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आज पावणेदहाला दार ओढून घेतलं आणि बाहेर न जाता आतच चपला हातात घेऊन उभी राहिले. चोरासारखी. बराच वेळ काही नाही. मग कळांची टक् टक् ऐकू आली. पूर्वी एका वाक्याला ते तीनदा थांबायचे, आज सलग टाइप करत होते, मशीनचं ओझं होत नाही त्यांना. तेवढं तुझं आणि माझं काम चांगलं झालंय.

"बाबा मी आलो."

"ये."

"बस."

मग पुष्कळ वेळ गेला. मला वाटलं, संपलं. तर टक् टक्, आणि तू म्हणालास, "ती फार दमते." आणि त्यावर तूच म्हणालास, "मी आहे ना."

मी आहे ना! कुणाच्या तोंडी ते काय घालतात बघ. सात वर्षांत या घरात याच्याइतकं घाणेरडं खोटं मी ऐकलं नव्हतं, आणि मी ते चपला छातीशी धरून शेवटपर्यंत ऐकलं, आणि कामाला गेले नाही.

तुझा कालचा मेल वाचला. यादीत नसलेले शब्द भरून पाठवू का, नवे माइक चांगले आहेत, असं लिहिलंयस. पाठवू नकोस. तुझा आवाज या घरात पुरून उरलाय. एक ओळ तू शेवटी लिहिलीस, "मी आलो तर चालेल का?" ती मला विचारू नकोस. मी नाहीच म्हणेन, कारण मला तुझं तोंड बघायचं नाही. तरी ये.

फक्त एक कर. दारातून हाक मारू नकोस, जिन्यातून बोलत येऊ नकोस. त्यांना मशीन आपोआप बोललं असं वाटेल आणि ते झाकण मिटतील. गप्प आत जा, पलंगाच्या पायथ्याशी त्यांना दिसशील असा उभा राहा. त्यांनी नीट बघितलं, की मग बोल.